विमानावरची 'व्हीटी' आणि पुढची तीन अक्षरं: सीमाभागातल्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांबरा, बाळेकुंद्री, मुतगे, मोदगे या बेळगाव विमानतळाजवळच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाची मान विमानाच्या आवाजाबरोबर आपोआप वर जाते. माझीही जाते. शाळेत असताना शेताच्या बांधावर बसून विमानांवरची अक्षरं वहीत टिपायची सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही. भारतात नोंदलेल्या नागरी विमानावर 'व्हीटी' आणि पुढं तीन अक्षरं असा नोंदणीचा नंबर असतो. 'व्हीटी' ही देशाची खूण, पुढची तीन अक्षरं त्या विमानाची. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची शाळकरी मुलं, त्यांचे शिक्षक आणि कधी कधी आजोबाही या अक्षरांबद्दल विचारत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयज टेरिटरी' ना? गुलामीची खूण अजून का मिरवायची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मलाही शाळेत हेच उत्तर मिळालं होतं आणि कित्येक वर्षं मी ते खरं मानलं. पण ते खरं नाही.

ही अक्षरं आली बिनतारी संदेशांच्या जगातून. १९२७ साली वॉशिंग्टनमध्ये आंतरराष्ट्रीय बिनतारी परिषद भरली. जगभरच्या जहाजांनी, रेडिओ केंद्रांनी आणि विमानांनी एकमेकांना हाक मारताना गोंधळ होऊ नये, म्हणून प्रत्येक देशाला अक्षरांचे गट वाटून दिले गेले. त्या वाटपातलं 'व्ही'चं पान बघा. व्हीए ते व्हीजी कॅनडाला, व्हीएच ते व्हीएम ऑस्ट्रेलियाला, व्हीओ न्यूफाउंडलंडला, व्हीपी ते व्हीएस निरनिराळ्या ब्रिटिश वसाहतींना आणि व्हीटी ते व्हीडब्ल्यू हिंदुस्थानला. सरळ बाराखडीच्या क्रमानं वाटप झालं आणि आपल्या वाट्याच्या गटातलं पहिलं अक्षर 'टी' होतं. 'टी'चा टेरिटरीशी काहीच संबंध नाही.

आणखी एक पुरावा आपल्या घराजवळच सापडेल. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, भारतात 'व्हीयू'नं सुरू होणारी हाक वापरतात. तीही त्याच गटातली. 'व्हीयू'चा व्हाइसरॉयशी संबंध कुणी जोडत नाही, कारण तिथं तशी गोष्टच जुळत नाही. ऑस्ट्रेलियाची विमानं आजही 'व्हीएच' लावून उडतात आणि त्यातही कुणाला व्हाइसरॉय दिसत नाही.

'व्ही'चा अख्खा पट्टा ब्रिटिश साम्राज्याच्या देशांकडे गेला, हे मात्र खरं. तेवढा इतिहास त्या अक्षरात आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

मग १९२७ च्या आधी आपल्या विमानांवर काय लिहीत असत?

या उत्तरानं वरच्या प्रश्नाकडे बघायची नजरच बदलते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या महायुद्धानंतर, १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. विमानानं आपल्या देशाची खूण अंगावर वागवली पाहिजे, हे तिथं ठरलं. त्या करारानं संपूर्ण ब्रिटिश साम्राज्याला मिळून एकच अक्षर दिलं, ते म्हणजे 'जी'. त्याच्या पुढच्या अक्षरावरून साम्राज्याचा कोणता भाग ते कळायचं. ब्रिटनसाठी 'ई', कॅनडासाठी 'सी', हिंदुस्थानसाठी 'आय'. त्यामुळे इथल्या विमानांवर जी-आयएएए, जी-आयएएबी अशा खुणा असत.

म्हणजे इंडियाचा 'आय' तेव्हा विमानावर होता, पण ग्रेट ब्रिटनच्या 'जी'च्या मागे उभा राहून. कागदोपत्री ते विमान साम्राज्याचं, त्यातल्या एका कप्प्यातलं. वॉशिंग्टनचे निर्णय १ जानेवारी १९२९ पासून लागू झाले आणि 'जी' गेला. 'व्हीटी'च्या रूपानं या देशाला पहिल्यांदा स्वतःची वेगळी खूण मिळाली, ज्यात ब्रिटनचं अक्षर पुढं नव्हतं. स्वातंत्र्य मिळायला तेव्हा अठरा वर्षं बाकी होती. ज्या खुणेला आपण गुलामीची म्हणतो, तिनंच आपल्या विमानांवरचा 'जी' पुसला. हे लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

जे. आर. डी. टाटांच्या पहिल्या विमानाचा नंबर काय होता?

व्हीटी-एडीएन. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी नेला, बल्लारीमार्गे मद्रासला. आज कर्नाटकात असलेल्या बल्लारीच्या मातीला त्या पहिल्या टपाल विमानाची चाकं लागली, हे आपल्याकडच्या फार कमी जणांना माहीत असतं.

एअर इंडियानं अलीकडं घेतलेल्या पहिल्या ए-३५० विमानाचा नंबर व्हीटी-जेआरए आहे. त्यातला 'जेआर' कुणाची आठवण करून देतो, ते सांगायला नको.

नंबरावरून विमानाचा काळ ओळखता येतो का?

जुन्या विमानांचा येतो, आणि माझा सगळ्यात आवडता भाग हाच. सुरुवातीची कित्येक दशकं नंबर बहुतेक क्रमानं दिले जात. त्यामुळे 'व्हीटी'नंतरचं पहिलं अक्षर एखाद्या झाडाच्या वलयासारखं वाचता येतं.

तीसच्या दशकातलं टाटांचं पस मॉथ 'ए' मालिकेतलं. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलेलं एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान 'मलबार प्रिन्सेस' व्हीटी-सीक्यूपी, म्हणजे 'सी' मालिका. १९५५ मध्ये ज्यात बॉम्ब ठेवून घातपात झाला ते 'काश्मीर प्रिन्सेस' व्हीटी-डीईपी. २४ जानेवारी १९६६ रोजी डॉ. होमी भाभांना घेऊन माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलेलं बोइंग ७०७ 'कांचनजंगा' व्हीटी-डीएमएन. दोन्ही 'डी'मधली. १९७१ साली आलेलं पहिलं जंबो जेट 'एम्परर अशोक' व्हीटी-ईबीडी. १९८५ मध्ये अटलांटिकवर बॉम्बस्फोटात पडलेलं 'कनिष्क' व्हीटी-ईएफओ. १९९९ च्या डिसेंबरात अपहरण करून कंदाहारला नेलेलं विमान व्हीटी-ईडीडब्ल्यू. म्हणजे 'ई' मालिका दोन-तीन दशकं पुरली.

'मलबार प्रिन्सेस'सुद्धा ३ नोव्हेंबर १९५० रोजी त्याच माँ ब्लाँवर आदळलं होतं. एकाच पर्वतावर, सोळा वर्षांच्या अंतरानं, आपली दोन विमानं. सीक्यूपी आणि डीएमएन. माझ्या वहीत ही दोन नावं शेजारी शेजारी लिहिलेली आहेत.

मग आता हा क्रम का दिसत नाही?

कारण खासगी कंपन्या आल्या आणि त्या आपल्या पसंतीची अक्षरं मागून घेऊ लागल्या. इंडिगोची बहुतेक विमानं 'आय'नं सुरू होतात, स्पाइसजेटची बहुतेक 'एस'नं. जेट एअरवेजची 'जे'नं, किंगफिशरची 'के'नं होती. अकासाची 'वाय'नं. मालकाच्या नावाची आद्याक्षरंही चालतात. विजय मल्ल्या यांच्या खासगी एअरबसचा नंबर व्हीटी-व्हीजेएम होता. गाडीचा फॅन्सी नंबर घेतात तसंच हे.

कोणती अक्षरं मिळतच नाहीत?

तीन अक्षरांच्या १७,५७६ जोड्या होतात, पण सगळ्या वापरता येत नाहीत. 'क्यू'नं सुरू होणाऱ्या बंद, कारण बिनतारी भाषेत 'क्यू'च्या तीन अक्षरी जोड्यांना ठराविक अर्थ आहेत. एसओएस, पीएएन, एक्सएक्सएक्स, टीटीटी यांवरही बंदी आहे. हे संकटाचे किंवा तातडीचे संकेत आहेत. विमानाची साधी हाक ऐकून कुणी बचाव पथक पाठवायला नको.

कर्नाटकचं विमान आणि महाराष्ट्राचं विमान असं वेगळं ओळखता येतं का?

नाही. आपल्या सीमाभागातून हा प्रश्न येणं अगदी साहजिक आहे. कोगनोळी नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तर केए-२२, केए-२३, एमएच-०९ अशा पाट्यांची रांग दिसते. पाटी बघून माणूस कुठला, कोणत्या भाषेत हाक मारावी, याचा अंदाज आपण नकळत बांधतो. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासून आमच्या घराघरांत पाट्या, कागद आणि भाषा हा जिव्हाळ्याचा विषय आहे.

विमानाच्या नंबरात मात्र राज्य नसतंच. १९४४ च्या शिकागो कराराचं सतरावं कलम सांगतं की, विमान ज्या देशात नोंदलं असेल त्या देशाचं त्याला राष्ट्रीयत्व. अठरावं कलम सांगतं की, एका वेळी दोन देशांत नोंदणी चालणार नाही. कोल्हापूरच्या उद्योगसमूहाची स्टार एअर असो की दिल्लीकडची कुठली कंपनी, सगळ्यांच्या पुढं तीच दोन अक्षरं.

विमानतळांच्या सांकेतिक नावांत मात्र विभाग दिसतो. सांबऱ्याचं नाव व्हीओबीएम आणि कोल्हापूरचं व्हीएकेपी. 'व्हीओ' दक्षिण विभाग, 'व्हीए' पश्चिम विभाग. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरची ही दोन गावं आकाशातल्या कारभारातही वेगळ्या वह्यांत नोंदली आहेत. पण ते विमानतळाचं नाव झालं. त्याचा विमानाच्या नंबराशी संबंध नाही. तिकिटावर असतं ते 'आयएक्सजी' आणखी तिसरंच. तो तिकीट आणि सामानासाठीचा संकेत.

गोव्यात पोर्तुगीज असताना तिथल्या विमानांवर काय असायचं?

चोर्ला घाटाच्या पलीकडचं आकाश तेव्हा वेगळ्या अक्षरांचं होतं. पोर्तुगीज वसाहतींच्या विमानांना 'सीआर' आणि पोर्तुगीज हिंदुस्थानला त्यापुढं 'आय', म्हणजे सीआर-आयएए अशी मालिका. भारतानं आर्थिक नाकेबंदी केल्यावर १९५५ मध्ये दाभोळीचा विमानतळ सुरू झाला आणि तिथल्या सरकारनं स्वतःची विमानसेवाही काढली. तिची विमानं दमण, दीव आणि कराचीकडे उडत. बेळगावहून गोव्यात सोयरिकी असलेल्या आमच्या माणसांना सीमेवर कागद दाखवावे लागत होते, त्याच काळातली ही गोष्ट.

१८ डिसेंबर १९६१ रोजी ऑपरेशन विजय सुरू झालं, तेव्हा सांबऱ्याहून उडालेल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि 'सीआर-आय' मालिका कायमची संपली. बिनतारीच्या वाटपातून आलेली अक्षरं, आणि बिनतारी केंद्रावरच्या हल्ल्यापासून त्यांचा शेवट सुरू झाला. ती विमानं आपल्या सांबऱ्यातून उडाली होती, म्हणून हा प्रसंग सांगताना मला अजूनही भरून येतं.

आता 'व्हीटी' बदलून 'बीएच' किंवा 'आयएन' करता येणार नाही का?

मागणी जुनी आहे. संसदेत हा विषय निघाला, २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयातही नेला गेला. अडचण भावनेची नाही, वाटपाची आहे. 'बी'नं सुरू होणारा सगळा गट चीनचा, 'आय'नं सुरू होणारा सगळा इटलीचा. त्यामुळे भारताचं 'बीएच' किंवा इंडियाचं 'आयएन' मागायचं तर ते त्यांच्या घरातून मागावं लागेल. गाड्यांना २०२१ मध्ये बीएच मालिका मिळाली, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राबाहेर जवानांच्या गाड्यांवर ती दिसतेही. पण ती देशांतर्गत गोष्ट आहे, तिला कुणाची संमती लागली नाही.

भारताच्या नावावर मात्र 'व्हीटी'शिवायही गट आहेत. 'एटी' ते 'एडब्ल्यू' आणि '८टी' ते '८वाय'. खूण या गटांतूनच निवडायची असते, त्यामुळे उद्या ठरवलं तर 'एटी' घेता येईल. पण प्रत्येक विमान पुन्हा रंगवायचं, नोंदणीची, विम्याची, भाडेकराराची कागदपत्रं बदलायची, आणि हाती येणार काय, तर तितकीच अर्थ नसलेली दुसरी दोन अक्षरं. माझं मत विचाराल तर 'व्हीटी' राहू द्यावी. नव्वदहून अधिक वर्षांचा आपल्या विमानांचा सगळा इतिहास तिच्यात आहे. एडीएन तिच्यात आहे, सीक्यूपी तिच्यात आहे.

शेजारच्या देशांचं काय?

पाकिस्तान एपी, श्रीलंका ४आर, नेपाळ ९एन, बांगलादेश एस२, भूतान ए५. हाँगकाँगला पूर्वी व्हीआर होतं, १९९७ नंतर ते चीनच्या 'बी'त गेलं.

सांबऱ्याला हवाई दलाची विमानं येतात, त्यांच्यावर 'व्हीटी' का नसते?

कारण ती नागरी नोंदणीत नसतात. हवाई दलाची स्वतःची क्रमांकपद्धत आहे. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांसाठीची दोन बोइंग ७७७ विमानं आधी एअर इंडियाकडे व्हीटी-एएलव्ही आणि व्हीटी-एएलडब्ल्यू होती. हवाई दलाकडे गेल्यावर ती के-७०६६ आणि के-७०६७ झाली. विमान तेच, वही बदलली. सांबऱ्याचा तळ दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं उभारलेला. त्यामुळे आपल्याकडं दोन्ही प्रकारची विमानं आधीपासून बघायला मिळतात.

खालून बघताना नंबर नेमका कुठं शोधायचा?

डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला. नियमाप्रमाणे तिथली अक्षरं किमान ५० सेंटीमीटर उंच असतात. शिवाय विमानाच्या अंगावर, शेपटाजवळ दोन्ही बाजूंनी, किमान ३० सेंटीमीटर. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश आणि रेघेची जाडी एक षष्ठांश असावी लागते. 'आय' तेवढा अपवाद. नक्षीदार अक्षरं चालत नाहीत. सांबऱ्याहून उडणारी शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं संथ आणि खालून जातात, त्यांच्यापासून सुरुवात करा. मोठ्या विमानाचा नंबर उतरताना, बाजूनं ऊन असताना वाचता येतो.

आत दाराजवळ आगीत न जळणाऱ्या धातूची एक छोटी पट्टीही असते, तिच्यावर हाच नंबर कोरलेला असतो. ती कशासाठी, हे वेगळं सांगायला नको. मला तिचा विचार करताना कायम गंभीर व्हायला होतं.

निवडणुकीत निपाणी-चिकोडीकडे हेलिकॉप्टर येतात, त्यांनाही नंबर असतो?

असतो, तोच व्हीटी आणि तीन अक्षरं. शेपटाच्या दांड्यावर बघा.

विमान परदेशी कंपनीच्या मालकीचं असूनही 'व्हीटी' कशी?

आपल्या विमान कंपन्यांची पुष्कळ विमानं भाड्याची असतात. मूळ मालक आयर्लंडसारख्या देशातला, पण चालवणारी कंपनी भारतीय, म्हणून नोंद भारतात. पतसंस्थेच्या कर्जावर ट्रॅक्टर घेतला की पाटी आपली असते आणि आरसी बुकावर बोजा पतसंस्थेचा चढतो, जवळपास तसंच. हप्ते थकले की मालक नोंद रद्द करून विमान परत मागतो. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट, तेव्हा हे वाद फार चिघळले. त्यातूनच २०२५ मध्ये अशा मालकांच्या हक्कांसाठी वेगळा कायदा झाला.

थोड्या मुदतीसाठी वैमानिकांसकट भाड्यानं आणलेलं विमान मात्र आपली मूळ खूण ठेवतं. इंडिगोच्या विमानांत तुर्कस्तानची 'टीसी'ही दिसायची, ती यामुळेच.

मोबाईलवर विमान दिसतं तेव्हा त्याला नंबर कसा कळतो?

विमानातला ट्रान्सपॉन्डर २४ बिटांचा एक पत्ता सतत पाठवत असतो. हे पत्तेही देशवार वाटलेले आहेत, भारताचे ८००००० ते ८३एफएफएफएफ. त्या पत्त्याशी नोंदणीचा नंबर जोडलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी अक्षरं वाटली, आता आकडे वाटतात, पद्धत तीच.

उसावर फवारणी करणाऱ्या ड्रोनलाही 'व्हीटी' मिळते का?

नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्यांना सरकारी संकेतस्थळावरून वेगळा ओळख क्रमांक मिळतो.

मुलांनी विमानांचे फोटो काढले तर चालेल?

सांबऱ्याला नको. तो हवाई दलाचा तळ आहे, कुंपणाजवळ कॅमेरा घेऊन उभं राहू नये. वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय, विमान कोणत्या बाजूनं उतरलं आणि नंबर, एवढं लिहा. नंबर अर्धाच वाचता आला तर अर्धाच लिहा, उरलेल्या जागी टिंब ठेवा, अंदाजानं भरू नका. माझ्या पहिल्या वहीत अशी कितीतरी टिंबं आहेत. त्यातली काही वीस वर्षांनी भरली, तीच विमानं पुन्हा डोक्यावरून गेली तेव्हा.